देवकाबाईंचा नारळ घेऊन बर्फावर

उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले की त्या रोपांच्या रोवणीपर्यंत आमच्या घराला जरा उसंत मिळते. एरवी ती लग्नाकार्यात जाते. या जानेवारीत मात्र आमची भूमी हटूनच बसली. आठवीतली ही पोरगी मोबाइलवर स्कीइंगचे व्हिडिओ बघायची आणि पायात मोजे घालून फरशीवर घसरायची. एकदा तांदळाच्या कोठीवर जाऊन आपटली, तेव्हा दिलीप, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "घर फोडण्यापेक्षा हिले खरा बर्फच दाखवून आणू." मनालीजवळचं सोलंग ठरलं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, आधी नाहीच म्हणत होत्या. "थंडीत मराले कायले येऊ?" पण आजी नाही तर मी नाही, असं भूमीने जाहीर केलं आणि प्रश्न मिटला.

खरा घोळ निघायच्या आदल्या दिवशी झाला. चौकात कोणीतरी विचारलं, कुठं जाऊन राहिले, आणि दिलीपने सांगितलं, "वर, पहाडात. मायले घेऊन." आता आमच्या चिचगडात म्हाताऱ्या आईला घेऊन कोणी उत्तरेच्या पहाडात निघालं, तर ते देवालाच. दुसरं काही कोणाच्या डोक्यातही येत नाही. संध्याकाळी अंगणात बायका जमल्या. आईंना कुंकू लागलं, ओटी भरली आणि एकेकीने नारळ हातात दिला. "ज्या देवाले जासान त्याले चढवून देजा जी." आईंनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही जमिनीकडे.

सगळ्यात शेवटी शेजारच्या देवकाबाई आल्या. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, तेव्हापासूनची मैत्री. त्यांच्या लेकीची, रुपाची, दोन बाळंतपणं वाया गेलेली. आता सहावा महिना होता आणि ती माहेरी येऊन राहिली होती. देवकाबाई म्हणाल्या, "माया नारळ वैष्णोदेवीलेच चढवजो. दुसऱ्या कोणाले नोको. मी बोलली हाये तिले."

आईंनी मान हलवली. त्या गेल्यावर मी म्हटलं, "आई, आपण वैष्णोदेवीला नाही चाललो."

"मालूम हाये मले. तिच्या तोंडाकडं पाहून बोलताच नाही आलं."

अशा रीतीने स्कीइंगला निघालेल्या आमच्या कुटुंबाच्या सामानात एक पिशवी नारळांची होती. जाणाऱ्यांसाठी सांगते: गोंदियापर्यंत गाडी ठरवून गेलो. गोंदियाहून दिल्लीला थेट गाड्या आहेत, पण जानेवारीत स्लीपरचा हट्ट धरू नका. रात्री खिडकीच्या फटीतून असा वारा येतो की दातावर दात आपटतात. दोन पैसे जास्त गेले तरी एसी बरा. डब्यात पोळ्या, तिळाची चटणी, चिवडा आणि आईंनी आग्रहाने घेतलेला आमच्याकडचा सुवासिक चिन्नोरचा तांदूळ. "तिकडचा भात आपल्याले नाही चालत," हे त्यांनी तिकडे जायच्या आधीच ठरवलं होतं. दिल्लीत धुकं होतं, त्यामुळे गाडी उशिरा पोहोचली आणि मनालीची रात्रीची बस आम्ही धावतपळतच पकडली. वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या सीट मागून घ्याव्यात. आमच्याकडे तो मान दिलीपचा होता.

मनालीत सकाळी उतरलो तर छपरांवर बर्फ. भूमी बॅगा टाकून पळाली. आईंनी वाकून चिमूटभर उचलला, वास घेतला आणि म्हणाल्या, "काहीच वास नाही." हॉटेल बाजाराच्या जरा खाली होतं. सुट्ट्यांची गर्दी ओसरली होती, म्हणून खोली स्वस्तात मिळाली, पण हीटरचे पैसे वेगळे. हे आधीच विचारून घ्या. स्वयंपाकी भला माणूस होता. त्याने आमचा तांदूळ शिजवून दिला आणि स्वतःही ताटभर खाल्ला.

त्या दिवशी देवदारांच्या रानातल्या देवीच्या लाकडी देवळात आईंनी एकेकीचं नाव घेऊन नारळ चढवले. कोणत्याही देवाला म्हणणाऱ्यांचं काम झालं. देवकाबाईंचा तेवढा पिशवीत राहिला. देऊळ सुंदर आहे, नक्की जा. आईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं.

"इथून वैष्णोदेवी किती लांब?" त्यांनी परतताना विचारलं. मी फोनवर पाहिलं. रस्त्यातच जाऊन येऊन दोन दिवस, वर चढण, आणि आमचं परतीचं आरक्षण झालेलं. माझी नोकरीतली रजाही तेवढीच. दिलीपने मग त्याच्या परीने तोडगा काढला. बाजारातून लाल चुनरी आणि खडीसाखर असलेलं पाकीट आणलं. "हे दे देवकाकाकीले, वैष्णोदेवीचा परसाद म्हणून. देव सगळीकडं एकच असते, माय."

आईंनी पाकीट घेतलं, पिशवीत ठेवलं आणि रात्री ताटातला भात तसाच सोडला. मलाही घास गोड लागला नाही, पण खरं सांगते, मला दिलीपचं पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोलंग. वाटेवर बर्फाचे कपडे आणि बूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. पहिल्याच दुकानात थांबू नका, चार ठिकाणी विचारलं की भाव आपोआप उतरतो. आईंनी लुगडं सोडायला साफ नकार दिला. रोवणीला खोचतात तसं वर खोचलं आणि त्यावर तो फुगीर लाल सूट चढवला. आरशात पाहून म्हणाल्या, "धानाचं पोतं दिसून राहिली मी."

भूमी तासाभरात बऱ्यापैकी घसरायला लागली. दिलीप उभा कमी आणि आडवा जास्त होता. आई खुर्चीवर चहा घेत बसल्या होत्या. शिकवणारा पहाडी माणूस त्यांच्याकडे आला, "माताजी, एक बार. मैं पकड़ूँगा."

"भैया, मेरेको गिराओगे तो नहीं?"

"गिरोगे तो भी नरम है."

का कोण जाणे, त्या उठल्या. पायात फळ्या बांधल्या, गुडघे वाकवले, आणि त्या माणसाने हाताला धरून हलक्या उतारावर सोडलं. आई निघाल्या. सरळ, संथ, डोळे गच्च मिटून. अर्ध्या उतारावर डोळे उघडले आणि तिथेच बसकण मारली. मी घाबरून धावले. पाहते तर आई बर्फात बसून हसत होत्या. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "अजून एकदा." अजून तीनदा गेल्या. भूमीने सगळं मोबाइलवर टिपलं.

संध्याकाळी खोलीत त्यांनी ते चुनरीचं पाकीट काढून दिलीपच्या हातात दिलं. "हे तूच ठेव. एवढी हासली मी आज. आता देवीले जाऊन आली म्हणून देवकाच्या समोर कशी उभी राहू?"

घरी पोहोचलो त्याच दिवशी, पायही न धुता, आई तो नारळ घेऊन शेजारी निघाल्या. मला म्हणाल्या, "तू संग चाल." देवकाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

"देवका, मी तुह्या देवीले नाही गेली."

सुपाचा आवाज थांबला. "मंग एवढे दिवस कुठं होती?"

"बर्फावर घसरून राहिली होती."

"माया नारळ घेऊन?"

"हो."

देवकाबाईंनी नारळ घेतला आणि आत गेल्या. 'बस'सुद्धा म्हणाल्या नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्या आमच्या अंगणात आल्या नाहीत. आई रोज त्यांच्या दाराकडे बघायच्या आणि मी मनात चरफडायची. एक पाकीट देऊन टाकलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

मग एका दुपारी रुपाच आली, पोट सावरत. "वहिनी, काकीचा व्हिडिओ हाये म्हणते भूमी. मले दाखवा ना." ओसरीत बसून तिने पाहिला. आईंनी बसकण मारली तिथे ती इतकी हसली की पोटाला हात धरावा लागला. पुन्हा लावायला लावला. तिला शोधत देवकाबाई दाराशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात भीतीपोटी कितीतरी महिने कोणी मोठ्याने हसलं नव्हतं. लेकीकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "अजून एकदा लाव वं."

मग आत येऊन आईंच्या शेजारी बसल्या. "नारळ देव्हाऱ्यात ठेवला हाये. लेकरू झालं की मीच घेऊन जातो. तू संग येजो. अन् या वेळी गावात नीट सांगजो, देवीलेच जाऊन राहिलो म्हणून."

आईंनी त्यांचा हात धरला. मी चहा ठेवायला आत गेले, कारण माझेच डोळे भरून आले होते.

आता रोवणी कधीच आटोपली आहे. रुपाला काल बाळंतपणासाठी गोंदियाला दवाखान्यात नेलं. देवकाबाई सोबत गेल्यात, जाताना घराची किल्ली आईंकडे देऊन. आज सकाळपासून आईंनी देवकाबाईंच्या देव्हाऱ्यात दोनदा दिवा लावला. मी ओसरीत बसून फोनवर हे लिहिते आहे आणि आई समोर बसून माझ्या हातांकडे बघताहेत. आत्ताच म्हणाल्या, "ठेव बाई तो फोन खाली. देवकाचा लागला पाहिजे." म्हणून ठेवते.