सभासद क्रमांक एक, व्यवसाय शेती

आभारप्रदर्शनात वडिलांचे नाव राहून गेले, म्हणून आमच्या घरात एक राजकीय पक्ष स्थापन झाला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीची ही गोष्ट. पनवेलला एका मोठ्या पक्षाची सभा झाली. सभेला टेबल आमचे, सतरंज्या आमच्या, तांब्या-भांडे आमचे आणि वक्त्याला ऐन भाषणात लागलेली खोकल्याची गोळीही आमचीच. शेवटी एका गृहस्थाने आभार मानले. बत्तीवाल्याचे मानले, पोलिसांचे मानले, पाऊस न पडल्याबद्दल वरुणराजाचेही मानले. अण्णांचे नाव आले नाही! अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त हेडमास्तर. ते शांतपणे उठले, व्यासपीठावर गेले, टेबलावरचा तांब्या उचलला, त्यातले पाणी (ते अध्यक्षांसाठी होते) कोपऱ्यात ओतले आणि तांब्या घेऊन घरी आले.

"ज्यांना साधे आभार मानता येत नाहीत, ते देश काय चालवणार?"

"मग तुम्ही काय करणार?" आईने विचारले.

"पक्ष काढणार."

"काढा. पण आधी हातपाय धुऊन घ्या, पानं वाढलीयत."

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. नोकरीला सहा महिने झाले होते, म्हणजे मला सगळे कळत होते. सुट्टीच्या दिवशी घरी आलो, तो अण्णांनी पक्षाचे नावही ठरवले होते: सुव्यवस्था पक्ष. मी त्यांना समजावले की पक्ष काढणे अगदी सोपे असते. चार माणसे बसली, एकाने अध्यक्ष व्हायचे कबूल केले आणि उरलेल्या तिघांनी हरकत घेतली नाही की झाला पक्ष. कठीण असते ती मान्यता. ती निवडणूक आयोगाने द्यायची. मान्यता मिळाली की पक्षाला स्वतःचे चिन्ह मिळते. तेव्हा मतदानाला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. ज्याला वाचता येत नाही, त्याने चित्र पाहून मत टाकायचे.

"म्हणजे चिन्ह नसेल तर पक्ष नाही," अण्णा म्हणाले.

"असतो. पण दिसत नाही."

चिन्हावर घरात दोन तास चर्चा झाली. देवाधर्माचे चिन्ह चालत नाही, रोजच्या वापरातली वस्तू हवी, एवढे मी बातमीत वाचले होते. अण्णांनी छडी सुचवली. आईने तिथल्या तिथे सांगितले की त्यांचे अर्धे मतदार त्यांचेच जुने विद्यार्थी आहेत, छडी पाहून मत द्यायला कोणी फिरकणार नाही. तिने पाट सुचवला. अण्णा म्हणाले, पाटावर लोक बसतात. शेवटी अर्जात 'आयोगाला योग्य वाटेल ते चिन्ह' असे लिहायचे ठरले. (पक्षाचा एकमताने झालेला हा पहिला आणि शेवटचा ठराव.)

"आता सभासदांची यादी हवी," मी म्हणालो. "नुसता अध्यक्ष पाहून कोणी मान्यता देत नाही."

अण्णांनी कपाट उघडले, स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवलेला एक लांबलचक कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"ही आपली माणसं."

बातमीदाराने दिलेला कागद उपसंपादक ज्या आदराने घेतो, त्याच आदराने मी तो घेतला. मुंबईला जाऊन कचेरीच्या टाइपरायटरवर अर्ज इंग्रजीत उतरवला. यादी भरघोस होती, एकशे चौऱ्याऐंशी नावे. ती अधिक वजनदार दिसावी म्हणून मी आपणहून एक रकाना वाढवला: व्यवसाय. ज्याचा व्यवसाय मला माहीत नव्हता, त्याच्यापुढे 'शेती' घातले. देश कृषिप्रधान आहे, चूक झाली तरी थोडीच होईल, असा हिशेब! पाकीट दिल्लीला रवाना केले.

ते ज्या गतीने गेले, त्याहून चौपट गतीने परत आले. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून अलिबागला कलेक्टर, तिथून पनवेलचे मामलेदार. वर प्रत्येक ठिकाणी एक ओळ वाढली होती. शेवटची ओळ होती: सभासदांची खातरजमा करून कळवावे.

मी शनिवारी घरी पोचलो आणि पाठोपाठ अक्का आली. अक्का माझी थोरली बहीण, दोन आळ्या पलीकडे राहणारी. ती चपला न काढता माजघरापर्यंत आली.

"कुठाय तो संपादक?"

"उपसंपादक," मी म्हणालो.

"गप्प बस! नोकरी घालवलीस यांची!"

मागून भाऊजी आले. भाऊजी मामलेदार कचेरीत आवक-जावक कारकून. त्यांचा चेहरा टाकाच्या टोकासारखा झाला होता.

"पाकीट मीच फोडलं," ते म्हणाले. "नोंद मीच केली. आवक क्रमांक मीच घातला. आणि मग नावं वाचली. तिसरं नाव माझं!"

सरकारी नोकराला कोणत्याही पक्षाचे सभासद होता येत नाही. झाला तर नोकरी जाते. हा नियम मला ठाऊक होता. अर्ज टाइप करायच्या दोनच आठवडे आधी त्याची बातमी मी स्वतः मथळा देऊन छापली होती! पण भाऊजी हे सरकारी नोकर आहेत, हे मला टाइप करताना सुचलेच नाही. ते आपले भाऊजी होते.

"जावईबापू, तो कागद हरवला म्हणून सांगा," आई म्हणाली.

"आई, आवक क्रमांक पडलाय. आता ब्रह्मदेव आला तरी कागद हरवत नाही."

"दोन पोरं पदरात, तिसरं वाटेवर," अक्का म्हणाली. "आता तुमच्या पक्षाकडून पगार द्या, अण्णा!"

अण्णा माझ्याकडे वळले. "मी तुला यादी दिली ती या लोकांना जाऊन विचार म्हणून."

"तुम्ही म्हणालात, ही आपली माणसं!"

"आपली माणसं म्हणालो. सभासद म्हणालो का? चौथीतल्या मुलालाही फरक कळतो!"

मी यादीची माझ्याकडची कार्बन प्रत काढली. आईने ती मागितली. तिला इंग्रजी येत नव्हते, म्हणून म्हणाली, वाच. मी वाचू लागलो. एक, श्री. गजानन, पनवेल. दोन, श्री. बल्लाळेश्वर, पाली. तीन, भाऊजी...

"अरे, ही तर धाकटीच्या लग्नाची यादी!" आई ओरडली. "आधी देव, मग जावई. अक्षती वाटायला मीच केली होती!"

मी इतके महिने मुंबईत लोकांच्या बातम्यांतल्या चुका काढत होतो, आणि गणपतीला पक्षाचा सभासद करून, त्याचा व्यवसाय शेती लिहून, ते स्वच्छ दोन ओळींच्या अंतराने टाइप करून दिल्लीला पाठवले होते!

भाऊजींचा चेहरा मात्र पहिल्यांदा जरा माणसात आला. "यादी लग्नाची आहे असं सिद्ध झालं, तर मी नुसता पाहुणा. पाहुण्याची नोकरी जात नाही."

"साहेबांना सांगा ना मग!"

"सांगायला जायला नको. उद्या सकाळी ते स्वतः इथे येणार आहेत."

"स्वतः का?"

"नववं नाव त्यांचं आहे."

रविवारी सकाळी मामलेदार कारखानीस साहेब आले. बारीक, नीटनेटके गृहस्थ. प्रकरणात आपलेच नाव असल्याने ते त्यांनी शिपायावर सोपवले नव्हते. बैठकीत बसले, चष्मा लावला आणि भाऊजींना म्हणाले, "लिहून घ्या." म्हणजे भाऊजी स्वतःच्या नोकरीची चौकशी स्वतःच्याच वळणदार अक्षरात लिहून घेऊ लागले.

"यादी कोणी केली?"

"मी, साहेब," मी म्हणालो.

"क्रमांक एक. श्री. गजानन, राहणार पनवेल, व्यवसाय शेती. यांचा सातबारा कुठला?"

"ते... देवघरात असतात, साहेब."

"क्रमांक दोन. श्री. बल्लाळेश्वर, राहणार पाली, व्यवसाय शेती. हे पक्षाच्या बैठकांना येतात?"

अण्णांनी खाकरून सांगितले की लग्नाची पहिली अक्षत देवाला ठेवायची रीत आहे, त्यामुळे ही यादी पक्षाची नाही, लग्नाची आहे.

"रीत मला ठाऊक आहे. माझंही लग्न झालंय. क्रमांक नऊ. श्री. कारखानीस. व्यवसाय, शेती." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "पंचवीस वर्षं सरकारी नोकरी केली ती स्वप्नात केली वाटतं! हे पाहा, यादी लग्नाची ठरावी अशी माझीही इच्छा आहे. पण पुरावा पक्का पाहिजे. नाहीतर वरचे म्हणतील, मामलेदाराने कारकुनाबरोबर स्वतःलाही सोडवून घेतलं. साक्षीदार आहे?"

साक्षीदार ओटीवर बसवून ठेवला होता. मिठागरावरचा मुकादम बाळाराम, अण्णांचा जुना विद्यार्थी, यादीत एकतिसावा.

"तुम्ही सुव्यवस्था पक्षाचे सभासद आहात?"

"कनचा पक्ष?" बाळारामने अण्णांकडे पाहिले. "नाय सायेब. पक्षाचा आमाला काय ठाव नाय. आमी लग्नाला आल्तो. जिलब्या झ्याक व्हत्या. मठ्ठा जरा पातल व्हता."

"मठ्ठा पातळ नव्हता!" आतून आईचा आवाज आला.

"हे लिहू का, साहेब?" भाऊजींनी विचारले.

"मठ्ठ्याबद्दल मतभेद, एवढंच लिहा. लग्न झालं हे मान्य. पण ही यादी त्याच लग्नाची कशावरून?"

आईने आतून लग्नाच्या वेळचा स्वतःचा मूळ कागद पाठवला. प्रत्येक नावापुढे तांबड्या पेन्सिलीने 'पोचली' अशी खूण होती. गजाननाला पोचली, बल्लाळेश्वराला पोचली (पोस्टाने), जावयाला पोचली. अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबांचे बोट नऊवर थांबले.

"माझ्यापुढेही 'पोचली' आहे."

"असणारच!" अण्णा अभिमानाने म्हणाले. "आमच्याकडे काम असं असतं."

"मला पोचली नाही."

भाऊजींचा टाक थांबला.

"या घरात लग्न झालं, हे मला आज कळलं," साहेब म्हणाले. "मला आमंत्रणच नाही, तर लग्नाच्या यादीत मी कसा? अक्षत न पाठवता खूण केली असेल, तर सगळ्या खुणा खोट्या. मग ही यादी कशाचीही असू शकेल. पक्षाचीसुद्धा."

आतून अक्काचा हुंदका ऐकू आला. भाऊजी कागदाकडे पाहत राहिले.

कचेरीकडच्या अक्षती वाटायचे काम माझ्याकडे होते.

"साहेब," मी म्हणालो, "ती खूण माझी आहे."

"मग अक्षत?"

"तळ्यात."

"तळ्यात?" हे अण्णा, साहेब आणि बाळाराम एकदम म्हणाले.

"मी बंगल्यापर्यंत आलो होतो. फाटकही उघडलं. पण आत कुत्रा होता. तो माझ्याकडे आला, तसा मी तळ्याकडे गेलो. पाकीट हातातून पडलं ते पाण्यात. घरी येऊन 'पोचली' लिहिलं."

अण्णांनी डोळे मिटले. बावीस वर्षांचा मुलगा, मुंबईच्या वर्तमानपत्रातला, जगाला सत्य छापून देणारा!

"कुत्रा कसा होता?" साहेबांनी विचारले.

"मोठा होता."

"रंग?"

"काळा. मागून येत असल्यामुळे बाकीचं नीट दिसलं नाही."

"एक कान उभा, एक पडलेला?"

"हो! फाटकाशी एवढंच पाहिलं."

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि पहिल्यांदाच हसले. "आम्ही कुत्रा पाळत नाही. तो माझ्या मेव्हण्याचा. वैशाखात चार दिवस आमच्याकडे होता, त्याच्या आधी नाही, नंतर नाही. लग्न कधी झालं?"

"वैशाखात!" सगळे ओरडले. आतून आई आणि अक्काही.

"मग हा मुलगा त्या चार दिवसांत माझ्या फाटकाशी आला होता. येण्याचं कारण अक्षत. म्हणजे यादी लग्नाची. भाऊसाहेब, लिहा."

भाऊजींनी लिहिले. इतके भराभर त्यांनी आयुष्यात कधी लिहिले नसेल. मग अक्काने चहा आणला, तो साहेबांना द्यायच्या आधी नवऱ्याला दिला, आणि कोणी तिला बोलले नाही. बाळारामने मठ्ठ्याबद्दलचे शब्द मागे घेतले.

दिल्लीहून महिन्याभराने उत्तर आले: खरे सभासद दिसून न आल्याने सुव्यवस्था पक्षास मान्यता देता येत नाही. अण्णांनी ते दोनदा वाचले आणि खुर्चीत सैलावून बसले.

"सुटलो," ते म्हणाले. "घटना लिहायला घेतली होती. दुसऱ्या कलमापासून माझंच मला पटत नव्हतं."

भाऊजी त्याच कचेरीत पुढे अव्वल कारकून झाले. त्या अहवालाची स्थळप्रत त्यांनीच फायलीला लावली होती, म्हणून मजकूर मला शब्दशः ठाऊक आहे. आमच्या पक्षाला मान्यता मिळाली नाही. पण रीतसर चौकशी होऊन, साक्षीपुराव्यानिशी, कलेक्टरमार्फत निवडणूक आयोगापर्यंत पोचलेली आणि कोणीही हरकत न घेतलेली आमच्या घराण्याची एक बाब दिल्लीच्या दप्तरी आहे: 'अर्जदाराचा मुलगा कुत्र्याला भितो, हे निःसंशय सिद्ध झाले.'