हात मांडीखाली

मशीन अडकायची वाट पाहायची असली की भाऊ दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि बसणं शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं. कोणी हसलं तर म्हणायचे, "हसा. हात लावला का तो लपते."

'तो' म्हणजे मशीनमधला दोष. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल, कोणी बघायला आलं की शहाणा होणारा.

हिंगणघाटच्या आमच्या कारखान्यात कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या वजनकाट्यांची यंत्रं बनतात. भाऊ अल्लीपूरहून स्कूटरवर यायचे. यंत्रातला कर्नल, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांना कामं वाटून देणारा मुख्य प्रोग्राम, त्यांच्याकडे होता. मी बोर्डांवर सोल्डरिंग करते. आठवीत शाळा सुटली, कोकणातून इतक्या लांब आले आणि हे एक काम हाताला बसलं. नोकरी गेली तर परतीची गाडी धरायची, आणि तिकडे आता माझं घर राहिलेलं नाही. म्हणून कुठे काही बिघडलं की आधी माझ्या छातीत धडधडतं.

त्या हंगामात एक यंत्र अधूनमधून अडकायला लागलं. कितीतरी दिवस नीट चालायचं आणि मग भरल्या गाडीचं वजन चालू असताना आकडा गोठायचा. मालक म्हणाले, "सोल्डर कच्चं हाय. दुसरं काय असन?" त्यांनी माझा बोर्ड काढून नागपूरहून सोल्डर करून आणलेला बसवला. नेमक्या त्याच दिवशी भाऊंनी कर्नलमध्ये जागोजागी खुणा घातल्या, कोणता प्रोग्राम कुठवर पोचला ते लिहून ठेवणाऱ्या.

यंत्र अडकायचं थांबलं.

मालक मला म्हणाले, "पोरी, हा महिना कर. मंग पाहू." ते 'मंग पाहू' ऐकून माझा डबा तसाच राहिला.

भाऊ टेबलाशी आले. "जेव ना वं ताई. तो गेला नाई. लाजून राह्यला."

"पण बोर्ड बदलल्यावरच थांबलं ना, भाऊ?"

"मीबी त्याच दिवशी खुणा घातल्या. कोणाच्या गुणानं थांबलं, कोणाले माहीत?" मग स्टूल ओढून म्हणाले, "घरात दोन जावा, चुलीवर भाजी एक. मोठीनं चाखली, अळणी लागली, मीठ आणाले गेली. तेवढ्यात धाकटीनं चाखली, तिलेबी अळणी. दोघीनं मीठ टाकलं. रोज नाई होत असं, दोघी एकदम आल्या तरच. आन मी मधात बसून 'काय करून राह्यली वं?' इचारलं, तं एकीचा हात थांबते. भाजी बरी होते. माह्या खुणा तेच करून राह्यल्या."

यंत्रात प्रोसेसर दोन आणि आकडा ठेवायची जागा एकच. तिथे या जावा आहेत, दोघांनी एकदम लिहायला घेतलं की आकडा गोठतो, असा त्यांचा संशय होता.

त्यांनी अदलाबदल केली. माझा जुना बोर्ड खुणांसकट एका यंत्रात, नागपूरचा बोर्ड खुणा काढून दुसऱ्यात. दोन्हींवर खोटं वजन चालू केलं आणि हात मांडीखाली.

मालक येता-जाता टोमणा मारायचे, "भाऊ, अंडे उबवून राह्यले का?"

"हो. पिल्लू तुमालेच देतो."

बरेच दिवस काही झालं नाही. नागपूरच्या बोर्डाचं यंत्र बिघडू दे, असं मी देवाकडे मागत होते. दुसऱ्याचं बिघडावं म्हणून तेवढंच एकदा मागितलं असेल.

एका दुपारी त्याच यंत्राचा आकडा गोठला. माझ्या बोर्डाचं चालूच होतं. भाऊंनी मालकांना हाक मारली, हात तसेच मांडीखाली. "पाहा. सोल्डर नागपूरचं, तरी अडकलं. ताईचा दोष नाई. एक लिहून राह्यला तं दुसऱ्यानं थांबाव, हे कर्नलमंदी एका जागी मीच सांगाले विसरलो."

मालक म्हणाले, "चहा सांगा. पोरीलेबी." माफीची त्यांची रीत तेवढीच.

भाऊ गेल्या हिवाळ्यात वारले. आम्ही सगळे अल्लीपूरला गेलो होतो. चादरीवर त्यांचे दोन्ही हात मोकळे ठेवलेले होते. मला ते ओळखीचे वाटेनात.

परवा एक नवं यंत्र अडकलं. नव्या इंजिनिअरने आधी माझ्या टेबलाकडे पाहिलं. मी म्हणाले, "परत चालू करा, आणि हात लावू नका." खुर्ची ओढली, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि आकड्याकडे पाहत बसले.