अकरा खोल्यांची पाहुणी

पाहुणीस,

तब्येत विचारत नाही, ती तू खरी सांगत नाहीस. परवा फोनवर म्हणालीस, "माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे बाई, मी आपली झोपायची नोकरी केली." म्हणूनच लिहिते आहे. झोपायची नोकरी केलेलं दुसरं माणूस मी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलेलं नाही. हे चार लोक वाचणार, तेव्हा तुला 'ती' म्हणते आणि मला, तू म्हणायचीस तसं, मास्तरीणबाई. चुकलं तर सांग, पण सगळं वाचून झाल्यावर. मधेच फोन करू नकोस.

तर ही बाई किनाऱ्यावरच्या एका लॉजवर कामाला होती. अकरा खोल्या एका ओळीत, समोर समुद्र, मागे विहीर आणि कपडे वाळत घालायच्या तारा. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसे. पावसाळा लागला की मालक दाराला 'बंद आहे' अशी पाटी लावी, स्वयंपाकी आणि माळी आपापल्या गावी जात, आणि पुढचे चार महिने ती तिथे एकटी.

सव्विसाव्या वर्षी ती चादरी धुवायला म्हणून आली. नवरा गेलेला. भावाच्या घरी शिलाई मशीन आणि भिंत यांच्यामध्ये जेवढी जागा उरे तेवढी तिची. पहिल्याच पावसाळ्यात म्हाताऱ्या मालकाने तिला पावसाळी काम समजावून सांगितलं. त्या हवेत बंद खोली आठवड्यात कुजते. गादीला वास सुटतो, कपाटाच्या आत हिरवट बुरशी धरते, आरशाच्या कडा काळ्या पडतात. खिडक्या उघडाव्या तर पाऊस आत, लावाव्या तर दमटपणा आत. त्याच्या आईने यावर एकच उपाय काढला होता: खोलीत माणूस झोपलं पाहिजे. अंगाची ऊब गादीत मुरते, ये-जा झाली की हवा हलते, आणि कुठे काय बिघडतंय ते झोपणाऱ्याच्या नाकाला सगळ्यांच्या आधी कळतं.

तेव्हापासून ती रोज नव्या खोलीत झोपू लागली. आज पहिली, उद्या दुसरी. उशी, चादर, विजेरी आणि कंगवा, एवढा संसार काखेत. बाकीचे आठ महिने ती स्वयंपाकघरात पथारी टाके. सातवी थेट समुद्राच्या तोंडावर, म्हणून तिथे लागोपाठ दोन रात्री. तिसरीचं छप्पर गळकं, तिथे पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढायचा. सकाळी उठल्यावर गादी उभी करायची, कपाटाच्या दारात कागदाची घडी अडकवून ते किलकिलं ठेवायचं, कुलपात तेलाचे दोन थेंब सोडायचे, फुगून अडकणारं दार रंध्याने तासायचं. रंधा मारायला ती स्वतःच शिकली. सुतार पावसात येतो म्हणतो आणि येत नाही, हे जगात सगळीकडे सारखंच असावं.

स्वयंपाक्याने तिचं नाव पाहुणी ठेवलं. पावसाळ्यात लॉजवर एकच पाहुणी, आणि तिलाच चहासुद्धा स्वतः करून प्यावा लागतो, असं तो सगळ्यांना सांगे. नाव चिकटलं. खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं.

म्हाताऱ्या मालकाने तिला एक शब्द दिला होता. अकरावी खोली टोकाची, पाण्याच्या टाकीमागची, गिऱ्हाइकाला दाखवायच्या लायकीची नव्हे. ती पुढेमागे तुझी. या पुढेमागेमध्ये एकोणतीस पावसाळे गेले. म्हातारा गेला, मुलगा मालक झाला, त्याच्या घरी सून आली. पाहुणी दर फेरीत अकरावीत पोचली की देवळी कुठे चालेल, खिळा कुठे ठोकता येईल ते बघून ठेवी, आणि सकाळी गादी उभी करून पुन्हा पहिलीकडे जाई. तोंड मात्र उघडलं नाही. मागितली आणि तो नाही म्हणाला, तर मनात ठेवायलासुद्धा खोली उरायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिसाव्या पावसाळ्यात मास्तरीणबाई उगवल्या. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. जन्मभर फळ्यावर पावसाचे वारे बाणांनी काढले, पण भर पावसात समुद्राकाठी एक रात्रही काढली नव्हती. आता नाही तर कधी, म्हणून त्यांनी लॉजला फोन केला. तो लागला मालकाच्या घरी. सुनेने उचलला, खोली देऊन टाकली, आणि लॉज या दिवसांत बंद असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई निथळती बॅग घेऊन दारात, आणि नाकासमोर पाटी.

पाहुणीने त्यांना आत घेतलं, कोरडा टॉवेल दिला आणि काही न लपवता सांगून टाकलं: वीज जाते, चादर वाळत नाही, समुद्र चहाच्या रंगाचा आहे आणि परतीची बस तीनला आहे. बाईंनी सातवी खोली मागितली.

"सातवी नको. आज तिथे मी आहे."

"तू तिथे राहतेस?"

"राहत नाही. आज आहे."

हे समजून घ्यायला बाईंना दोन कप चहा लागला. शिकलेल्या माणसाला साध्या गोष्टी उशिरा कळतात. कळल्यावर मात्र त्यांनी लगेच तोड काढली. दोघी आहोत, तर पाळी वाटून घेऊ. विषम खोल्या तुझ्या, सम माझ्या. पाहुणीला आधी ती थट्टा वाटली. पण सत्तरीची बाई रोज संध्याकाळी बॅग ओढत खरोखरच पुढच्या खोलीत जाऊ लागली, आणि सकाळी चहाला दोघी एकमेकींना अहवाल देऊ लागल्या.

"आठवीत उशीखाली गार लागतं गं."

"तिथे भिंत ओल धरते. डोकं दाराकडे करा. आणि घोरू नका, नवव्या खोलीत ऐकू येतं."

जगाचं हवामान शिकवलेल्या बाईंना एकेका खोलीचं हवामान कुणीतरी पहिल्यांदाच शिकवत होतं.

नवव्या दिवशी दुपारी मालक आला, मोटारीत चार यंत्रं घालून. हवेतलं पाणी ओढून घेणारी. चौथीत एक लावून दाखवलं. तासाभरात त्याच्या टाकीत तांब्याभर पाणी जमलं. पाहुणीने त्यात बोट बुडवून पाहिलं आणि पदराला पुसलं. पुढचं तिला न सांगता कळलं. खोल्यांना माणूस नको झालं होतं. म्हणजे चार महिने भावाकडे, मशीनच्या मागे, आणि तिथेही आता भाचेसून आलेली. मालक तेच जरा गोड करून सांगत होता, की पुष्कळ केलंस, आता पावसाळ्यात घरी जाऊन आराम कर.

मास्तरीणबाई व्हरांड्यात बसून ऐकत होत्या, आणि नुसतं ऐकून घेणं त्यांना कधी जमलेलं नाही. पाहुणीने कधीतरी चहा पिताना अकरावीचं त्यांच्या कानावर घातलं होतं, कुणाला बोलू नका असं बजावून. बाईंनी मालकाला सरळ विचारलं, की हिने आराम कुठे करायचा? तुमच्या गाद्या हिच्या पाठीने वाळवल्या, आणि त्या पाठीला टेकायला एक भिंत नाही. तुमच्या वडिलांनी अकरावी खोली कबूल केली होती, ती कुठे गेली?

पाहुणी स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करून त्यांना गप्प करू पाहत होती. एकोणतीस वर्षं जपून ठेवलेला प्रश्न या बाईने एका दमात खर्च करून टाकला होता, आणि आता उत्तर येणार होतं. तिने चौकट घट्ट धरली.

मालकाने टाकीतलं ते तांब्याभर पाणी अंगणात ओतून टाकलं.

"बाबा बोलले होते खरं," तो म्हणाला. "मला वाटलं तुला नको असेल. तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी काढलं नाहीत."

"घे मग. त्यात काय."

त्यात काय, म्हणाला. पाहुणी आत गेली आणि तिने विनाकारण चहाचं आधण ठेवलं.

आयुष्यभर खोल्या बदलत झोपलेल्या बाईला एका जागी झोप लागली नसेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. अशा गोष्टी तशाच सांगायची पद्धत आहे. खोटं आहे. ती त्या रात्री अकरावीत दहा तास झोपली. सकाळचा चहा मास्तरीणबाईंना स्वतः करावा लागला आणि तो बिघडला.

आणि यंत्रं? बाई परतल्यावर आठवड्याभरात वादळाने तारा तुटल्या, अकरा दिवस वीज नाही. मालकाचा फोन आला, गाद्यांना वास सुटायच्या आत पूर्वीसारखं झोपायला लाग. पूर्वीची पाहुणी हो म्हणाली असती. ही म्हणाली, "दुपारी पडेन, जेवण झाल्यावर, रोज दोन खोल्यांत तास-तासभर. रात्री नाही. रात्री मी घरी असते." घर म्हणजे वीस पावलांवरची अकरावी. मालक कबूल झाला, दुसरं करतो काय. गाद्यांना फरक कळला नाही म्हणे.

आता उरलं ते तुझ्यामाझ्यातलं. निघताना तू माझी बॅग बसपर्यंत आणलीस आणि एकच गोष्ट मागितलीस. लॉजची सगळी कुलपं एकाच चावीने उघडतात आणि ती चावी स्वयंपाकघरात खिळ्याला असते. तुझ्याकडे मिळतात ती लोखंडी कुलपं, वर्षात गंजतात. तर शहरातून एक पितळी आणा, म्हणालीस, दोन चाव्यांचं, आणि दोन्ही चाव्या मलाच द्या. मी म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात घेऊन येते. त्याला चार वर्षं झाली. कडीला तू अजून जुन्या चादरीची पट्टी बांधतेस आणि म्हणतेस, असू दे बाई, गाठ माझी मलाच सुटते.

न येण्याला गुडघ्यांचं कारण मी सांगत आले ते अर्धंच खरं आहे. पोस्टाने पाठवता आलं असतं. परत आल्यावर त्याच महिन्यात मी कुलपांच्या दुकानात गेलेही होते. पितळी वरच्या फळीवर आहेत, दुकानदार म्हणाला, शिडी लावणारा माणूस जेवायला गेलाय, दहा मिनिटं बसा. स्टूलही पुढे केलं. दहा मिनिटं कोण थांबतं, म्हणून मी बसले नाही, तरातरा निघून आले. तू थांबून काढलेले तीस पावसाळे मला घरी येऊन चपला काढताना आठवले, आणि मग लाज वाटून पुन्हा त्या दुकानाकडे गेले नाही.