शांताबाईची गोधडी

सुनेने कांदा ठेचला की मला माझी थोरली बहीण शांता आठवते. एका वैशाखात आम्ही दोघी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होतो. तिने डोक्याचं फडकं सोडून बांधावर निजलेल्या आपल्या तान्ह्या लेकरावर सावली केली.

"बाई, डोकं झाक. ऊन लागन," मी म्हटलं.

"माही कातडी म्हशीची हाय. लेकराले सावली पाह्यजे."

दुपारी ती कोसळली. आम्ही तिला घरी आणलं. मान भाजून लाल, अंग तव्यासारखं, तरी म्हणे, "माय, मले थंडी वाजून राह्यली."

मायने तळपायांना ठेचलेला कांदा चोळला आणि वर गोधडी घातली. अंगावर पाणी ओतायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

लेकराला उन्हाचा डागही लागला नव्हता. ते गोधडीत शिरून दूध शोधत होतं.