नैवेद्याचं पान

तार आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. अलिबागच्या आमच्या दोन खोल्यांतली दुपारची वेळ, पानाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलेलं, आणि दारात तारवाला. श्रीवर्धनहून पुतण्याची तार होती. आई गेली. त्याची आई म्हणजे माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. माझी स्वतःची आई लहानपणीच गेलेली. त्यानंतर ‘भाऊजी, जेवलात का?’ असं विचारणारं त्या घरात हेच एक माणूस होतं. पान तसंच टाकून मी एस. टी. गाठली.

गाडीत एकच गोष्ट मनात घोळत होती. गणपतीत गेलो होतो तेव्हा माझा तांबारलेला चेहरा बघून वहिनी म्हणाली होती, “भाऊजी, चक्कर येते ना? डॉक्टरांनी काय सांगितलंय तेही कळलंय मला. तुमचं पान आता परत घ्या.” मी हसून म्हटलं, “घेऊ की पुढच्या खेपेला...” हे पान म्हणजे काय, ते सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करायला हवी.

अण्णा म्हणजे माझे वडील. सुपारीची वाडी, तोंडाळ स्वभाव आणि मिठाची जबर आवड. पानात वाढलेल्या मिठाचा ढीग भात संपायच्या आत संपायचा आणि दुसरा यायचा. वर पापड, सांडगी मिरची, खारातली कैरी, आणि ताकात पुन्हा मीठ. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वाडीला शिंपणं चालू असताना अण्णा भोवंडून खाली बसले, नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून पाहिला आणि सांगितलं, रक्ताचा दाब फार आहे, मीठ तोडा. घरात सगळे धास्तावले, कारण अण्णांचे थोरले भाऊ याच दुखण्यातून अर्धांगवायू होऊन अंथरुणाला खिळले होते आणि तसेच गेले होते. अण्णांना नातवाचं लग्न बघायचं होतं, आणि नातू तर तेव्हा पाटीवर गणितं सोडवत होता.

पण अण्णा कुणाचं ऐकतील तर शपथ! “ज्याचं मीठ खावं त्याला जागावं म्हणतात,” ते गरजले, “मीठच खायचं नाही तर जागायचं कोणाला?” दुसऱ्या दिवशी वहिनीने पानात मीठ वाढलंच नाही. अण्णांनी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. “अगो, मीठ नाही पानात! माझं श्राद्ध घातलंस की काय?” असं म्हणून भरल्या पानावरून उठले. दादा, म्हणजे माझा भाऊ, अशा वेळी नेमका वाडीत असायचा. वहिनी चुलीपाशी बसून रडली. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, “रागावले त्याचं काही नाही हो. उपाशी उठले ना...”

आमच्याकडे देवाला रोज नैवेद्य असे, आणि नैवेद्याचं पान घरातल्या शेंडेफळाला मिळे. शेंडेफळ म्हणजे मी. मला मिशा फुटल्या, नोकरीचे अर्ज करायला लागलो, तरी ते पान माझंच, आणि मीही सोडत नव्हतो, कारण त्यावर तूप सढळ असायचं. आता नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे कोणालाही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वहिनीने देवापुढचं पान उचललं, भातावर तुळशीचं पान तसंच, आणि मी हात पुढे केलेला असताना माझ्यासमोरून ते नेऊन अण्णांपुढे ठेवलं.

“मामंजी, आजपासून हे पान तुमचं.”

अण्णांनी नमस्कार केला. मग म्हणाले, “बरं. आता मीठ वाढ.”

वहिनी पदर सावरून हळूच म्हणाली, “देवाला पुरलं ते तुम्हाला पुरायचं नाही?”

मला वाटलं, आता ताट भिरकावलं जाणार. अण्णांनी देवघराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, उगाच माझ्याकडेही डोळे वटारून पाहिलं, आणि मुकाट्याने पानाभोवती पाणी फिरवून जेवायला लागले.

त्यानंतर तिने जे केलं ते कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. आमटीतलं मीठ ती चिमटीचिमटीने उतरवत गेली आणि आमसूल, ओलं खोबरं, भाजलेलं जिरं पुढे सरकवत गेली. ताकाला आलं-कढीलिंब लागलं. पापड सणावारी आला. पानात लिंबाची फोड आली. “जीभ म्हणजे लाडावलेली पोर,” ती मला म्हणाली, “एकदम दटावलं तर रुसते. कळू न देता वळवायची.” एकदा अण्णांनी फडताळातल्या वाडग्यातली खारातली कैरी चोरून खाल्ली. वहिनीने ते पाहिलं. पुढच्या वेळी त्या वाडग्यात तिने सकाळभर पाण्यात भिजवून ठेवलेली कैरी ठेवली. अण्णा मिटक्या मारायला गेले आणि ओटीवर येऊन म्हणाले, “यंदाचा खार मेला बिघडलाय.” आम्ही हसू दाबत माजघरात पळालो.

दाब उतरला. पुढे पुढे तर एका मुंजीच्या पंक्तीत अण्णांनीच आमटीचा भुरका मारून यजमानाला विचारलं, “काय हो, समुद्र ओतलात काय हिच्यात?” नातवाच्या लग्नात ते नव्या नातसुनेच्या हातचं जेवले, तेव्हाही समोर तुळशीचं पान ठेवलेलं ताटच होतं. त्यानंतर ते गेले, ते झोपेत, कुणाकडून काही करून न घेता. ती वर्षं वहिनीने त्यांना वाढली होती, असं मला नेहमी वाटतं.

वहिनी गेली आणि घराला सुतक लागलं. देव बंद, नैवेद्य नाही. दिवस झाले, गोडाच्या जेवणाला पंगत बसली, आणि पुतण्याच्या बायकोने देवापुढचं पान आणून माझ्यासमोर ठेवलं. “काका, आईंनी सांगून ठेवलं होतं,” एवढंच म्हणाली. तुपाचा वास आला तसा मी जुन्या सवयीने बोलून गेलो, “अगो, मीठ वाढ जरा.” ती पोरगी म्हणायला लागली, “देवाला पुरलं ते...” आणि तिला पुढचं बोलवेना. पुढचं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. दादाने मान खाली घातली. मी पानाभोवती पाणी फिरवलं.

आता अलिबागेतही माझ्या पानात मीठ नसतं, लिंबाची फोड असते. पहिला घास घ्यायच्या आधी बोट अजून आपसूक त्या डाव्या कोपऱ्याकडे जातं. तिथं काही नसतं. रोज तेवढी वहिनी आठवते, आणि मग मी जेवायला लागतो.