टूनगॅबीचे गोविंदराव आणि मालती

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक रिकामी खोकी आणि दुसरे किस्से. खोकी कौन्सिलची गाडी घेऊन जाते, किस्से मात्र कुणाला तरी ऐकवूनच संपवावे लागतात. तर आता ऐकाच!

टूनगॅबीतल्या आमच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी संध्याकाळी एक जुनी अमेरिकन विनोदी मालिका लागते. ब्लॅक अँड व्हाइट. नवरा, बायको, वरच्या मजल्यावरचा आगाऊ शेजारी, आणि नवराबायकोची न संपणारी भांडणं. एवढंच.

हे सगळं सुरू झालं अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याहून इकडे परदेशात आणलं. व्हिसा वर्षभराचा होता, पण आल्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा, "माझं परतीचं तिकीट काढ."

"अगं, तू आणि जावईबापू दोघं पॅरामॅटाला ऑफिसात. इरा बोलते ती फाडफाड इंग्रजी. मी बोलू कुणाशी, फ्रिजशी?"

इरा माझी मुलगी, दहा वर्षांची. आणि अप्पा म्हणत होते ते खरंच होतं. पण साताऱ्याच्या घरात ते एकटे जेवायला बसणार, हे मला पटत नव्हतं. मला ते राहायला हवे होते.

*

मालिकेचा डीव्हीडी सेट मी ऑप शॉपमधून, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, आणला होता. पहिल्या दिवशी गॅरेजमधल्या टीव्हीवर लावला आणि इरा किंचाळली, "मम, द टेली इज ब्रोकन!"

आमचा मित्र मंदार तेव्हा घरीच होता. पुण्याचा, त्यातून इंजिनियर! त्याने केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. सेटिंगमध्ये शिरला. सॉफ्टवेअर अपडेट केलं. "पॅनल गेलंय," असा निकाल देऊन तो वॉरंटीचा नंबर शोधायला लागला.

आठवडाभर "हो", "नको" आणि "तिकीट काढ" याखेरीज काही न बोललेले अप्पा सोफ्यावरून म्हणाले, "मंदार, अरे ती जन्मतःच तशी आहे."

आणि स्वतःच हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा! मी स्वयंपाकघरात पळाले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

*

पण अप्पांना तो भराभर इंग्रजी संवाद कळेना. टीव्हीतली माणसं खदाखदा हसायची आणि अप्पा विचारायचे, "काय म्हणाला?" मी पॉज करून सांगायचे. पॉज केलेला विनोद म्हणजे फ्रिजमधला वडा. खाता येतो, पण मजा नाही.

तिसऱ्या भागाला अप्पांनी माझ्या हातातून रिमोट घेतला, आवाज बंद केला आणि स्वतःच बोलायला सुरुवात केली!

सगळी पात्रं अप्पाच. नवरा गोविंदराव, बायको मालती, वरचा शेजारी बंडोपंत. तरुणपणी त्यांनी ऑफिसच्या नाटकांत बायकांची कामं केली होती, त्यामुळे मालतीचा आवाज तर असा लागला की विचारू नका. पडद्यावर गोरी बाई ओव्हन उघडते आहे आणि इकडे मालती म्हणते आहे, "अहो, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या ना तुम्हाला?"

टीव्हीतलं हसणं बंद झालं होतं, म्हणून हसायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही ते मनापासून केलं.

*

आमचा शेजारी केन, निवृत्त प्लंबर, एकदा गॅरेजचं दार उघडं बघून आत आला. ही मालिका त्याच्या लहानपणची. एकूण एक भाग पाठ! त्याला मराठीचं एक अक्षर येत नाही, तरी तासभर बसला आणि पोट धरून हसला.

"केन, यू वाँट द इंग्लिश?" मी विचारलं.

"नो वरीज, लव्ह," तो डोळे पुसत म्हणाला. "मी ते साठ वर्षं ऐकलंय. हे जास्त चांगलं लिहिलंय!"

मूळ भाग होता साहेबांना जेवायला बोलावण्याचा. अप्पांचा होता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा.

*

एका शनिवारी वाद पेटला, मालतीचा सोफा कुठल्या रंगाचा? मी म्हणाले मरून. केन म्हणाला हिरवा, आणि लहानपणापासून हिरवा. अप्पा ठाम होते, मेंदी रंगाचा. मंदारने पुढच्या आठवड्यात पुरावाच आणला, तोच भाग, पण कुणीतरी कॉम्प्युटरवर रंगवलेला.

सोफा निघाला फिकट निळा.

आम्ही तिघेही हरलो. शेवटी अप्पांनी टीव्ही बंद केला. "हे मालतीचं घर नव्हे. मंदार, तू दुसऱ्यांच्याच घरात घुसलायस!"

*

मग इराच्या शाळेतून फोन. बाई काळजीच्या सुरात म्हणाल्या, "इराने वर्गात तुमच्या एका फॅमिली फ्रेंडबद्दल सांगितलं. मिस्टर गोविंदराव. ते म्हणे बायकोला न विचारता घरात बकरी घेऊन आले, आणि दर शनिवारी भांडण होतं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "इज मालती सेफ?"

"शी इज फाइन," मी म्हणाले. "काळजी गोविंदरावांची आहे!"

*

एवढं सगळं होऊनही अप्पांचा धोशा सुटला नाही. अखेर मी तिकीट काढलं. आणि जायच्या आधीच्या शनिवारी त्यांचा घसा बसला. शब्द फुटेना. मंदार, केन, सगळे खुर्च्या मांडून तयार, आणि आवाज बंद करून टीव्ही चालू. गोविंदराव नुसतेच ओठ हलवतायत.

मी इंग्रजी लावायला रिमोट उचलला, तर इराने तो माझ्या हातातून काढून घेतला. उठून पडद्याशेजारी उभी राहिली आणि जाड आवाजात सुरू झाली, "मालती, चहा! आणि बंडोपंत आले तर सांग, मी घरी नाही!"

मराठीत! अप्पांच्याच लकबीत, सगळे हेल जिथल्या तिथे! मी तिच्याकडे बघतच राहिले. ही मुलगी घरात पाणीसुद्धा इंग्रजीत मागते.

पडद्यावर मालती रागावली. तिने कपाटातून बॅग काढली, कपडे कोंबले आणि माहेरी निघाली. गोविंदराव दारात आडवे आले. इराने वळून अप्पांकडे पाहिलं. मग जाड आवाज विसरून, स्वतःच्याच आवाजात म्हणाली, "मालती, जाऊ नकोस ना. तू गेलीस तर आमच्या घरात बोलणार कोण? मला सगळं येतं बोलायला. मी फक्त... आता बोलेन ना."

पडद्यावरची बाई बॅग हातात धरून उभी. तिचे ओठ हलले.

आणि मागच्या खुर्चीवरून, बसलेल्या घशातून, घोगरा पण अगदी ठसकेबाज बायकी आवाज आला, "बरं, राहते बाई. ठेवा ती बॅग माळ्यावर!"