न विचारता सुधारलेली एकोणचाळीस वाक्यं

बाइंडर कव्हरला गोंद लावत होता. मी सहज प्रबंधाची प्रस्तावना वाचायला घेतली आणि मी काय करून बसले होते ते कळलं.

नव्वदच्या दशकात मी बहारीनमध्ये, मनामाच्या एका छापखान्यात डीटीपी करायचे, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायचे. त्यासाठी भाषा कळावी लागत नाही, अक्षरं बघून टाइप करायचं. “शमीम, तुझी घारीची नजर आहे,” असं सगळे मला म्हणत, आणि मलाही ते खरं वाटायचं.

प्रबंध माइतेचा होता. स्पेनच्या उत्तरेकडची ही बाई बास्क भाषा बोलायची आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे ईसा टाउनला राहायची. मुलं सांभाळत चार वर्षं तिने हे काम केलं होतं. ते संध्याकाळच्या कुरियरने गेलं नाही, तर युनिव्हर्सिटीची मुदत हुकणार होती.

शेवटचं प्रूफ तिने सही करून दिलं होतं. त्यातल्या किरकोळ दुरुस्त्या करताना मला दिसलं, की बास्क उदाहरणांच्या जोड्यांत तेच शब्द वरच्या वाक्यात एका क्रमाने आहेत आणि खालच्या वाक्यात उलट्या क्रमाने. बाई दमली असेल, म्हटलं. खालची वाक्यं मी वरच्यासारखी करून टाकली. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करून विचारायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी विचारलं नाही.

प्रस्तावना इंग्रजीत होती. बास्कमध्ये सुट्या वाक्यात नकार आधी येतो, क्रियापद मागून. तेच वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेलं, की बहुधा क्रियापद आधी आणि नकार मागून. आपणही ‘तो आला नाही’ म्हणतो, पण ‘तो न आल्यामुळे’ म्हणताना नकार पुढे आणतोच की. हाच फरक तिच्या प्रबंधाचा विषय होता, आणि मी तो पुसून टाकला होता.

मॅनेजर सावंतसाहेब गिरगावचे. त्यांना सगळं सांगितलं.

“सही आहे ना तिची? मग खलास. आपली जबाबदारी संपली.”

“सही केली तेव्हा वाक्यं बरोबर होती, साहेब. मी नंतर बिघडवली.”

त्यांनी घड्याळ बघितलं. “तीनपर्यंत छपाईचं मशीन तुझ्यासाठी मोकळं ठेवतो. तिला फोन तूच कर.”

माइते टॅक्सीने आली. मला वाटलं होतं, ओरडेल. तिने नुसतं स्टूल ओढलं आणि सही केलेलं प्रूफ मांडीवर घेतलं. ती एकेक वाक्य वाचायची, मी बदलायचे. एकोणचाळीस निघाली. मला इतकी लाज वाटत होती की मी मान वर केली नाही, पण हात थांबू दिला नाही. पावणेतीनला पानं मशीनवर गेली. बाइंडरने लावलेली कव्हरं शिव्या देत फाडली आणि नवी लावली. पार्सल वेळेत गेलं.

दोन वर्षांनी तिने त्याच विषयावरचं पुस्तक आमच्याकडेच दिलं. पहिल्या पानाला चिठ्ठी होती, “शमीम, खटकलं तर विचार. सुधारू नकोस.”

मी सतरा ठिकाणी प्रश्नचिन्हं केली. सोळा ठिकाणी तिचंच बरोबर होतं. सतराव्या ठिकाणी तिची चूक निघाली, आणि ती तिने स्वतः सुधारली.